सॉकेटमधलं कुंकू

मंदार,

मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून दिलं. त्यांनी अर्धं पान मागितलं होतं, मी पाऊण दिलं. तुझं शिक्षण, तुझी नोकरी, गणपतीत साउंड सिस्टीमची तू वाहिलेली ओझी, सगळं त्यात बसवलं. शेवटी ‘मनमिळाऊ स्वभाव’ असंही घातलं. ते लिहिताना हात थबकला, कारण तू मनमिळाऊ कधीच नव्हतास. तू एक नंबरचा हेकट होतास, आणि आपली दोस्ती इतकी वर्षं टिकली ती मीही तसाच असल्यामुळे. पण अंकात कोणी कोणाला हेकट म्हणत नाही.

हे लिहितोय ते वेगळं आहे. हे अंकात जाणार नाही, आणि काकूंच्या हाती तर लागताच कामा नये. तुझ्याबद्दल एक खोटी गोष्ट सध्या व्हिटबीपासून नागपूरपर्यंत फिरते आहे. ती मी पसरवली आहे. तू असतास तर माझी गचांडी धरली असतीस. नाहीस, म्हणून निदान तुझ्या कानावर घालावी म्हणतो.

शनिवारची सकाळ आता अंगावर येते. आपण दोघं नागपूरचे इंजिनियर, पोटासाठी सॉफ्टवेअर लिहिणारे आणि शनिवारी सकाळी हौसेने कम्प्युटर गेममधले ट्रक ड्रायव्हर. तू व्हिटबीच्या तुझ्या बेसमेंटमध्ये, मी किचनरच्या कॉन्डोत, मध्ये अख्खं टोरांटो पसरलेलं. पण कानाला हेडसेट लावला की तू शेजारच्या सीटवर बसल्यासारखा. खऱ्या ४०१ हायवेवर गाडी घालायची म्हटलं की तू शिव्या द्यायचास, आणि सुट्टीच्या दिवशी मात्र खोटे ओंडके खोट्या डोंगरातून खोट्या गावाला पोचवायचास, तेसुद्धा प्रत्येक वळणावर इंडिकेटर देऊन. टेबलाला स्टिअरिंग व्हील आवळलेलं, पायाखाली पेडल. अश्विनी तुला चहा आणून द्यायची आणि म्हणायची, ड्रायव्हरसाहेब, ढाब्याचा चहा आलाय.

उन्हाळ्यात तू ते नवीन ग्राफिक्स कार्ड घेतलंस. पहिल्या दिवशी तू ट्रक चालवलाच नाहीस. रस्त्याच्या कडेला उभा करून पावसाने ओला झालेला डांबरी रस्ता आणि त्यात पडलेलं आभाळ बघत बसलास. मला म्हणालास, अबे, आभाळ दिसून राहिलं रस्त्यात. मी म्हटलं, खिडकीबाहेर बघ, तिथेही दिसेल. तू म्हणालास, तिथे रोजच दिसते.

पण गाव आलं की तुझा ट्रक उचक्या द्यायला लागायचा. मोकळ्या रस्त्यावर झोकात, आणि चार घरं, दोन सिग्नल, पाच गाड्या आल्या की अडखळत. कारण उघड होतं. कार्ड नवं आणि प्रोसेसर जुना. मी तुला तेच सांगत होतो आणि तू ऐकत नव्हतास. काकूंनी एकदा जेवताना विचारलं, तुझा ट्रक गावातच का अडतो रे? तेव्हा तू त्यांना जे सांगितलंस ते मी अजून विसरलेलो नाही. तू म्हणालास, आई, एक बाई पोळ्या लाटते आणि दुसरी भाजते. माझी भाजणारी आता एकदम चपळ आहे, पण लाटणारी म्हातारी झाली. मग तवा नुसता तापत राहतो. काकूंना हे इतकं पटलं की दुसऱ्या दिवसापासून त्याच तुझ्या मागे लागल्या, नवी लाटणारी आण म्हणून. माझ्या चार महिन्यांच्या भाषणाने झालं नाही ते त्यांनी आठवड्यात करून घेतलं.

मग आपलं भांडण पुढच्या मुक्कामाला गेलं. मी म्हणत होतो, बोर्डच बदल. सगळे भाग ज्या एका पाटीवर बसतात ती पाटीच जुनी झाली आहे, तिच्यावर नवा प्रोसेसर ठेवून काय होणार. तू म्हणालास, पाया चांगला असताना घर पाडत नाहीत. याच बोर्डावर नवा प्रोसेसर बसतो, फक्त आधी बोर्डाला त्याची ओळख पटावी म्हणून एक छोटा प्रोग्रॅम भरावा लागतो. बायोस अपडेट. ते नाही केलं तर नवा प्रोसेसर बसवूनही स्क्रीन काळीच राहते. निम्मे लोक हीच पायरी विसरतात आणि मग दुकानदाराला शिव्या घालतात, असं तू मला तीनदा ऐकवलंस. शेवटी दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी तू ते केलंस. मी हेडसेटवर होतो. ट्रक बाजूला ठेवून तू ते अपडेट करत होतास आणि मी कंटाळून तुला विचारत होतो, झालं का? झालं, तू म्हणालास. मी काही विसरत नसतो.

दसऱ्याला तू सुट्टी टाकलीस. मुहूर्तावर नवा प्रोसेसर बसवायचा ही काकूंची अट, आणि नव्या वस्तूला अंघोळ केल्याशिवाय हात लावायचा नाही ही दुसरी. तू हेकट खरा, पण आईपुढे नाही. सकाळी उठून तू बेसमेंटमध्ये जुना प्रोसेसर काढलास, सॉकेट म्हणजे ती चौकोनी खाच उघडी ठेवलीस, नव्याचा डबा शेजारी ठेवलास आणि अंघोळीला वर गेलास. तू जुन्या प्रोसेसरवरची ती करडी पेस्ट पुसत होतास तेव्हा काकू तिथेच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, याला गंध लावतात? तू म्हणालास, हो आई, याला गंध लागते, नाहीतर तापतो.

गंध चालतं तर कुंकूही चालणार. यात चुकीचं काय आहे? मीही त्यांच्या जागी असतो तर हेच समजलो असतो.

त्यात ती पूजा त्यांनी करावी हा तुझाच हट्ट होता. तुझे बाबा गेल्यावरच्या पहिल्या दसऱ्याला काकू तबक घेऊन पुढे येईनात. शस्त्रांना, गाडीला, लॅपटॉपला कुंकू कोणी लावायचं, तर सुनेने, असं म्हणून मागे सरकल्या. तू तबक त्यांच्या हातात दिलंस आणि म्हणालास, बाबा असतानाही पूजा तूच करायचीस, ते नुसते आरती म्हणायचे. आता आरती मी म्हणतो. तेव्हापासून तुझ्या घरी दसऱ्याचं कुंकू त्यांच्याच हाताने लागतं. मी देवाधर्माच्या वाटेला जात नाही, पण त्या दिवशी तू मला फार आवडला होतास. हे तुला सांगायचं राहून गेलं.

तर काकू तबक घेऊन खाली आल्या. ती उघडी चौकोनी खाच त्यांना देव्हाऱ्यातल्या टाकासारखी वाटली असणार. त्यांनी अनामिकेने नीट दाबून हळद लावली, कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या. केसांहून बारीक, सोनेरी पिना असतात तिथे, मुंगीच्या पायांसारख्या. सगळ्या आडव्या झाल्या. तू अंघोळ करून खाली आलास, बघितलंस, आणि एवढंच म्हणालास, “आई, तू कशाला हात लावते?”

मग तू वर गेलास, काकूही मुकाट वर गेल्या, आणि जेवण झाल्यावर खाली येऊन तू मला व्हिडिओ कॉल केलास. हे काकूंना तेव्हा माहीत नव्हतं. कॅमेरा त्या खाचेवर धरून तू हसत होतास. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात रुमाल कोंबून हसत होतास.

“अबे निल्या, आईनं सॉकेटची षोडशोपचारे पूजा करून टाकली बे. पिना झोपल्या साऱ्या. बोर्ड खलास.”

मी म्हटलं, जाऊन सांग त्यांना, रागावलो नाही म्हणून. त्या घाबरल्या असतील.

“नाही सांगत. दोन दिवस भेदरून राहू दे जरा. नाहीतर उद्या हीटिंगच्या फर्नेसवर नारळ फोडते ती. शनिवारी नवीन बोर्ड आणतो, सगळं बसवतो, आणि बटण तिलाच दाबायला लावतो. बघ कशी खूश होते.”

आणि मग खोकलास आणि म्हणालास, पुरणपोळीचं तूप जास्त झालं बे, छातीत जळजळून राहिलं. मी म्हटलं, वॉक-इन क्लिनिकमध्ये दाखव. तू म्हणालास, ॲसिडिटीला वॉक-इनमध्ये चार तास कोण बसेल. इतकं साधं बोलणं झालं रे. मला तुझा राग येतो तो इथे येतो. एका पिनेसाठी तू भिंग घेऊन बसायचास आणि स्वतःच्या छातीला ॲसिडिटी म्हणून मोकळा झालास.

शनिवारी सकाळी तुझा मेसेज आला, बोर्ड घेऊन येतो, मग बसू. मी हेडसेट लावून बसलो. आधी चहा घेतला, मग तुझी वाट बघत एकट्यानेच थोडा ट्रक चालवला. मग अश्विनीचा फोन आला. दुकानाच्या पार्किंगमध्ये, गाडीत, स्टिअरिंगवर डोकं. शेजारच्या सीटवर बोर्डाची पिशवी, वर पावती. कोणीतरी काच फोडून तुला बाहेर काढलं होतं. डॉक्टर म्हणाले, हे कुठेही झालं असतं, घरी, ऑफिसात, झोपेत. डॉक्टरांना हे सांगावंच लागतं की खरंच तसं असतं, कोण जाणे.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये अश्विनीच्या तोंडून एक वाक्य निघून गेलं. बोर्ड आणायला गेला नसता तर घरी असता, मी नर्स आहे रे, मी काहीतरी केलं असतं. ती माझ्याशी बोलत होती. काकू मागच्या खुर्चीवर होत्या. मला वाटलं त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी ऐकलं होतं.

तेरा दिवस तसेही सुतकाचे, देवाला हात लावायचा नव्हता. पण तेरावा झाल्यावरही काकू देवघराकडे फिरकेनात. समई अश्विनी लावायची. काकू स्वयंपाकघरातही येईनात, ताटात वाढलेलं खायचं आणि उजवा हात पदराखाली घेऊन सोफ्याच्या कोपऱ्यात बसायचं. अश्विनीने मला फोन केला. म्हणाली, त्या म्हणतात, विधवेच्या हातून पूजा करून घेतली म्हणून असं झालं, माझ्या हाताने माझं पोरगं नेलं. म्हणाली, निलेश, मला त्यांना धीर द्यायला शब्द नाहीत, माझेच संपलेत. आणि ते वाक्य मी बोलले होते, ते आता परत कसं घेऊ?

मी आलो. तुझ्या घराच्या ड्राइव्हवेवर तुझी गाडी तशीच, काच बदललेली. काकूंचं परतीचं तिकीट बर्फ पडायच्या आधीचं, उन्हाळ्यातच काढलेलं. म्हणजे दोन आठवड्यांनी त्या तो हात तसाच पदराखाली घेऊन नागपूरला जाणार होत्या, आणि तिथे त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये त्यांना सांगणारं कोणी नव्हतं की बाई, तुझा काही दोष नाही.

मी आधी खरं सांगून पाहिलं. देवाशप्पथ, आधी खरंच सांगितलं. काकूंच्या शेजारी बसून म्हटलं, काकू, तो रागावला नव्हता. त्याने मला फोन केला होता. तो हसत होता, पोट धरून हसत होता. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं, लहान मुलाला थोपटतात तसं. म्हणाल्या, तू चांगला आहेस निलेश, असं बोलावंच लागतं. त्यांना वाटलं मी समजूत काढतोय. तुझं ते हसणं, रुमाल कोंबून केलेलं, त्याचा साक्षीदार मी एकटा, आणि माझी साक्ष कोणी धरेना.

छातीत जळजळत होतं हे सांगावं का, असंही मनात आलं. म्हणजे आजार आधीपासून होता, बोर्डाचा संबंध नव्हता. पण जळजळ सांगितली की पुरणपोळी येणार, तूप येणार, आणि ती पोळीही त्यांनीच वाढलेली. तोंडापर्यंत आलेलं गिळून टाकलं.

रात्री जेवायला बसलो. तुझी इरा, दोन्ही कोपर टेबलावर, भातात चमचा फिरवत होती. तिने कोणाकडेच न बघता विचारलं, “अंकल, डॅडचा कम्प्युटर... डिड आजी ब्रेक इट?”

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तिला फक्त माहिती हवी होती. पण काकूंना एवढं इंग्रजी येतं. अश्विनी म्हणाली, इरा, ईट. काकू जागच्या उठल्या नाहीत, रडल्या नाहीत. ताटाकडे बघत राहिल्या. मंदार, मी आजवर बऱ्याच जणांच्या आया बघितल्या, पण असं तोंड कुठल्या आईचं बघितलं नव्हतं. ती मुलगी मोठी होणार आणि तिच्या डोक्यात हेच राहणार, की आजीने काहीतरी मोडलं आणि डॅड गेला. मी तेव्हाच तोंड उघडलं.

मी म्हटलं, नो, बेटा. आजीने काही मोडलं नाही. डॅडच एक स्टेप विसरला होता. उद्या मी दाखवतो.

सकाळी अश्विनीने ती दुकानाची पिशवी कपाटातून काढून दिली. तिने ती उघडलीही नव्हती. मी बेसमेंटचं दार लावून घेतलं. तुझ्या त्या पिंगपाँगच्या टेबलावर कॅबिनेट तसंच उघडं होतं, स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत, स्क्रूड्रायव्हर कापडावर ओळीने. जुना बोर्ड बाहेर काढून उजेडात धरला. कुंकू वाळून घट्ट बसलं होतं, एक अक्षत कडेला अडकलेली, आणि त्याखाली पिना झोपलेल्या, तू म्हणालास तशाच. भिंगातून बघितलं तर मधल्या पिनांवर बोटाचा दाब कुठे पडला तेसुद्धा कळत होतं. तो बोर्ड कोणाच्या बापाला दुरुस्त झाला नसता.

मग तुझा नवा बोर्ड बसवला. तुझा प्रोसेसर त्यावर ठेवला, गंध लावलं, कूलर आवळला, कार्ड खोचलं. वाद मी जिंकलो, बोर्ड बदलावाच लागला. हा विजय मला कुणी फुकट दिला तरी नको होता. सगळं झाल्यावर लक्षात आलं, काकू आत डोकावतील आणि त्यांचं कुंकू शोधतील. नव्या बोर्डावर ते कुठून येणार? मी जिना चढून देवघरातला हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आलो. आयुष्यात कधी कुठल्या वस्तूला कुंकू लावलं नव्हतं. अनामिका बुडवली आणि सॉकेटच्या बाजूच्या पत्र्यावर, जिथे काही बिघडत नाही अशा जागी, हळद लावली, कुंकू लावलं. हाताला सवय नाही, त्यामुळे ते पसरलं. काकूंचं नेहमी गोल असतं.

जुना बोर्ड ग्रोसरीच्या पिशवीत गुंडाळून मी मागच्या दाराने गाडीकडे नेत होतो तेव्हा अश्विनी समोर आली. पिशवीचं तोंड उघडं राहिलं होतं, आत लाल दिसत होतं. तिने बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. आणि माझ्यासाठी दार धरून ठेवलं.

काकूंना खाली आणायलाच वेळ लागला. शेवटी इरा त्यांचा डावा हात धरून घेऊन आली. मी त्यांना तुझ्या खुर्चीवर बसवलं आणि कॅबिनेटच्या काचेतून ते कुंकू दाखवलं. म्हटलं, काकू, हे बघा, तुमचं कुंकू इथेच आहे. मी पुसलेलं नाही. याने काही झालं नव्हतं. नवी लाटणारी घरात आणली, पण घराला तिची ओळखच करून द्यायची राहिली. मंदार ती पायरी विसरला, आणि बोर्डच बिघडला असं समजून नवा आणायला गेला. मी आज सकाळी ती पूर्ण केली, बस.

काकू म्हणाल्या, “मंदार विसरला? गॅस बंद केला का बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारा पोट्टा तो. तो विसरेल?”

“विसरला, काकू. निम्मे लोक विसरतात.”

“मग माझ्यावर काऊन ओरडला?”

याचं उत्तर मी ठरवून आलो नव्हतो. ते तोंडातून आपोआप आलं. “स्वतःची चूक झाली की तो दुसऱ्यावरच ओरडायचा, काकू. कॉलेजातही तसाच होता.”

हे सपशेल खोटं आहे. तू तुझी चूक झाली की गप्प बसायचास आणि दुसऱ्या दिवशी समोसा आणून द्यायचास. पण काकूंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्या म्हणाल्या, “बापावर गेला मेला.” आणि मग त्यांना तुझा राग आला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला तो राग येताना. एवढा शिकला, एवढा शहाणा, आणि आईवर डाफरला, स्वतः विसरून. त्या तुझ्या स्टिअरिंगकडे बघून तुला बोलत होत्या, आणि बोलता बोलता रडायला लागल्या. अश्विनी जिन्यात उभी होती, ती म्हणाली की त्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडत होत्या. स्वतःच्या हाताला दोष देणाऱ्या बाईला रडू येत नाही, मुलावर रागावलेल्या आईला येतं. हे मला माहीत नव्हतं, तिथे उभ्या उभ्या कळलं.

त्या शांत झाल्यावर मी म्हटलं, काकू, बटण तुम्ही दाबायचं. मंदारचं तसं ठरलं होतं. एवढं एक वाक्य मी त्या दिवशी खरं बोललो.

त्यांनी उजवा हात पदरातून बाहेर काढला. बोट बटणाजवळ नेलं आणि थांबल्या. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, मी आधी एकदा चालू करून बघितलेलंच नव्हतं. आता ते चालू झालं नसतं तर मी त्या बाईला काय सांगणार होतो? त्यांनी दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळी राहिली, फार वेळ काळी राहिली, नवीन बोर्ड पहिल्या वेळी घेतो तेवढा वेळ. मग उजळली.

मी गेम उघडला. तुझा ट्रक तिथेच उभा होता, रस्त्याच्या कडेला, तू सोडलास तसा. इरा आजीच्या पुढ्यात त्याच खुर्चीवर बसली, पाय पेडलला पोचत नव्हता, आणखी पुढे सरकली. ओला रस्ता, त्यात आभाळ. मग गाव आलं, घरं, सिग्नल, गाड्या. ट्रक कुठेही अडखळला नाही. लोण्यातून सुरी जावी तसा गेला. काकूंनी माझ्याकडून करंडा मागून घेतला आणि उठून त्या स्टिअरिंगला कुंकू लावायला निघाल्या. मी म्हटलं, हो, तिथे लावा, तिथे बिनधास्त लावा. त्यांनी लावलं. गोल, जिथल्या तिथे.

त्या आता नागपूरला पोचल्या आहेत. जायच्या आधी मंडळाच्या लोकांनी छोटी शोकसभा ठेवली होती. त्यात काकू स्वतः दोन शब्द बोलल्या, आणि कोणाला वाटलं नव्हतं ते बोलल्या. म्हणाल्या, माझा मुलगा सगळं लक्षात ठेवायचा, पण शेवटी एक गोष्ट विसरला आणि बोलणी मी खाल्ली. सगळी सभा ओल्या डोळ्यांनी हसली. तुझ्या ऑफिसातला एक पोरगा मला बाहेर म्हणाला, मंदार सर बायोस अपडेट विसरले? विश्वास नाही बसत. मी म्हटलं, होतं असं. परवा काकूंचा फोन होता. शेजारणीला सांगितलं, भावाला सांगितलं, देवपूजा पुन्हा सुरू केली आहे. तुझ्या फोटोला हार घालताना रोज एकदा म्हणतात म्हणे, विसरभोळ्या.

म्हणजे आता तुझी ओळख ही. तू, ज्याने कधी लाइट चालू ठेवून घर सोडलं नाही, तो नागपूरच्या धरमपेठेत विसरभोळा म्हणून राहणार. इरा मोठी झाल्यावर तिच्या मुलांना सांगेल, माझे डॅड एक स्टेप विसरले होते. ही गोष्ट आता माझ्या हातातही राहिलेली नाही. तुझ्याशी इतकी वर्षं भांडलो, पण तुला उत्तर देता येणार नाही अशा वेळी कधी भांडलो नव्हतो. माझ्यावर चिडला असशील तर चीड. मी तुला ओळखतो त्याप्रमाणे तू दोन मिनिटं शिव्या देशील, आणि मग विचारशील, आईने बटण दाबलं ना?

दाबलं रे.

जुना बोर्ड माझ्या कॉन्डोच्या लॉकरमध्ये आहे, विंटर टायर्सच्या मागे. फेकायला गेलो होतो, जमलं नाही. काल टायर काढायला गेलो तेव्हा पिशवी उघडून बघितलं. कुंकवाचा रंग अजून तसाच आहे, आणि ती अक्षतही पडलेली नाही.

आणि एक राहिलं. दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी, मी हेडसेटवर असताना, तू ते अपडेट केलं होतंस. मी विचारलं, झालं का? तू म्हणालास, झालं. मंदार, तू काहीही विसरला नव्हतास. हे माहीत असलेला आता जगात मी एकटा आहे, आणि मी ते कोणालाही सांगणार नाही.

तुझा,
निल्या